विमा? आसंल की!

ट्रॅक्टर आमच्या पुढे होता आणि मागे येत होता. हे वाक्य मी आजवर पोलीस ठाण्यात, विमा कंपनीच्या फोनवर, गॅरेजमध्ये आणि सासुरवाडीत मिळून किमान चौदा वेळा बोललो असेन. चौदाही वेळा समोरच्या माणसाने समजूतदारपणे मान हलवून विचारलं आहे, "म्हणजे तुम्ही मागून ठोकलंत ना?" आपल्याकडे अपघाताचा एक अलिखित नियम आहे. जो मागे, तो दोषी. पुढचाच मागे येईल, हे त्या नियमात बसत नाही. ज्याने हा नियम केला, त्याने गळीत हंगामात राहुरी तालुक्यात गाडी चालवलेली नसावी.

घटना १२ जानेवारी २०२५ ची, रविवारची. मेहुण्याच्या एका स्नेह्याच्या शेतावर हुरडा होता. आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेला गरमागरम गूळभेंडी हुरडा, शेंगदाण्याची चटणी, वर मठ्ठा. नगरकर माणूस हुरड्याला पोट भरायला जात नाही. पोट भरल्यावर आणखी किती मावतं, ते बघायला जातो. परतताना गाडी मी चालवत होतो, शेजारी मेहुणा, मागे सौ. आणि तिच्या मांडीवर स्नेह्याने दिलेली पाच किलो वांगी. कालव्याकडेचा रस्ता नगर-मनमाड रस्त्याला लागतो, तिथे एक खडा चढ आहे. चढावर आमच्यापुढे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर ऊस. ऊस एवढा, की ट्रॅक्टर दिसतच नव्हता. फडच्या फड उठून कारखान्याकडे निघालाय आणि आत कुठेतरी गाणी लागली आहेत, एवढंच कळत होतं.

चढाच्या मध्यावर गाणी चालू राहिली आणि ट्रॉल्या थांबल्या. मग ट्रॅक्टरने पुढची दोन्ही चाकं उचलून आभाळाकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि सगळा लवाजमा मागे यायला लागला. फार हळू. एखादे पाहुणे निघता निघता "अहो, एक सांगायचं राहिलंच" म्हणत परत फिरतात, तसा.

मी हॉर्न वाजवला. आमच्या मागे दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल होती. त्या दूधवाल्यानेही वाजवला. ट्रॉली हॉर्नला दाद देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्याला आधीपासून माहीत असावं, कारण तो गाडी टाकून शेतात पळाला. मला पळता आलं नाही, कारण मी पट्टा लावला होता. वाहतुकीचे नियम पाळणाऱ्या माणसाचं जे होतं ते झालं. ट्रॉलीच्या मागच्या बाजूने बंपर घेतला, मग बॉनेट, आणि मग उसाच्या दहा-बारा कांड्या पुढची काच फोडून आत आल्या आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर थांबल्या.

क्षणभर सगळं शांत. मागून सौ. म्हणाली, "वांगी वाचली." मेहुणा कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेला. त्याने समोरची एक कांडी हातात घेऊन पेरं पाहिली आणि म्हणाला, "जात शहाऐंशी शून्य बत्तीस आहे."

अपघातानंतर पहिल्या पाच मिनिटांत गर्दी कुठून येते, याचा शोध कोणीतरी लावायला हवा. आजूबाजूला मैलभर फक्त ऊस होता. त्या उसातून तीस-पस्तीस माणसं निघाली. पहिला प्रश्न बरोबर होता: "कोणाला लागलं का?" नाही म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि दुसरा प्रश्न आला: "कुठले?" मी म्हटलं, सावेडी. "सावेडीत कोण?" मी नाव सांगितलं. "काय करता?" निवृत्त शिक्षक. "मग गुरुजी, मिटवून घ्या." काय झालं, कोणी केलं, कितीचं नुकसान, हे अजून कोणी विचारलंही नव्हतं. तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा काच ओलांडून आत आलेल्या कांडीकडे बोट दाखवून मेहुण्याला म्हणाला, "शहाऐंशी नाय वं, दोनशे पासष्ट हाय ह्यो." मग अर्धी गर्दी शहाऐंशीच्या बाजूने आणि अर्धी दोनशे पासष्टच्या बाजूने झाली. माझ्या बाजूने कोणीच नव्हतं.

ट्रॅक्टरवरून विशी-बाविशीचा पोरगा उतरला. कानात तार, चेहऱ्यावर निरागसपणा. मी शाळेत चाळीस वर्षं काढली आहेत, हा चेहरा मला पाठ आहे. "गृहपाठ केला का?" या प्रश्नावर तो येतो. मी विचारलं, "इन्शुरन्स आहे का रे?"

तो म्हणाला, "आसंल की."

इथे मला थोडं विषयांतर करणं भाग आहे, कारण पुढचं सगळं या शब्दावर उभं आहे. मराठीत होकाराला 'आहे' आहे, नकाराला 'नाही' आहे आणि व्यवहाराला 'असेल' आहे. 'नाही' म्हटलं तर भांडण होतं. 'आहे' म्हटलं तर कागद दाखवावा लागतो. 'असेल' म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, खरंही बोलत नाही. तो फक्त जगाबद्दल एक सदिच्छा व्यक्त करतो. नळाला पाणी येईल का? येईल की. साहेब आहेत का? असतील. ब्रेक लागतो का? लागत असेल. या एका क्रियापदावर आपला निम्मा देश रस्त्यावर चालतो आहे. हे मी चिडून म्हणत नाही. संसदेच्या स्थायी समितीनेच २०२४ मध्ये नोंदवलं आहे की देशातल्या निम्म्याहून अधिक गाड्यांना विमाच नाही. म्हणजे आपण सिग्नलला उभे असतो तेव्हा आपण आणि आपल्या शेजारचा, यांतल्या एकाचा विमा 'आसंल'.

तर पोरगा म्हणाला, "मालकाला इचारावं लागंल." मालकाला फोन गेला. मालक येईपर्यंत कोणीतरी आमच्याच गाडीत आलेला ऊस सोलून आम्हाला खायला दिला. नको म्हणणं बरं दिसेना. खरं सांगायचं तर गोड होता.

मालक बुलेटवर आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, अत्यंत नम्र माणूस. ते उतरायच्या आधीच माझ्या कानात दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी सांगितलं, "संचालकाच्या पाव्हण्यातले आहेत, बरं का." ही माहिती मला का दिली जात होती, ते मला नंतर उमगलं. विमा कंपनीची पॉलिसी वर्षाने संपते. 'अमक्याच्या पाव्हण्यातला' ही पॉलिसी संपत नाही, तिला हप्ता नाही आणि ती सगळ्या पक्षांच्या कार्यालयांत चालते. मला सांगत होते ते हेच, की समोरच्याचा विमा आहे, फक्त तो तुमच्या ओळखीच्या प्रकारचा नाही.

मी विचारलं, "मालक, ट्रॅक्टरचा विमा आहे ना?"

"हाय ना. पयल्या वर्षी फायनान्सवाल्यांनीच काढला व्हता."

"आणि नंतर?"

"नंतर बी तेच काढीत आसतील."

"कर्ज चालू आहे?"

"नाय वं. फिटलं की मागंच." हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाने उजळला. कर्ज फेडलेल्या माणसाचा विमा फायनान्सवाला कशाला काढेल, हा प्रश्न मी गिळला. चांगल्या बातमीवर असले प्रश्न विचारू नयेत.

गर्दीत मोबाइलवाले तरुण होतेच. त्यांनी परिवहन खात्याचं ॲप उघडलं. आता नंबर हवा. ट्रॅक्टरची पाटी चिखलाखाली होती. एकाने अंगठ्याला थुंकी लावून ती पुसली. 'एमएच १७' निघालं, म्हणजे श्रीरामपूरची नोंदणी, मग हळूहळू बाकीचं. उत्खननात शिलालेख निघावा तसे सगळे वाकून बघत होते. ॲपने सांगितलं: विमा संपल्याची तारीख ऑगस्ट २०२२. मालक जराही डगमगले नाहीत. "ॲपमधी दिसत नाय लवकर. कागद घरी हाय."

मेहुण्याने विचारलं, "आणि ट्रॉलीचा?"

या प्रश्नाने मात्र जमाव खरोखर गोंधळला. ट्रॉलीचा विमा? म्हणजे उद्या बैलाच्या झुलीचा विमा विचारणार का? एकजण म्हणाला, "साहेब, तिला विंजनच नाय तर विमा कशाला?" तर्क बिनतोड होता. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात ट्रेलरही घातलेला आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर त्या चढावर एक ट्रॅक्टर नव्हता, तीन वाहनं होती, तिघांना तीन नोंदण्या आणि विमा हवा होता, आणि त्यातल्या सर्वांत मागच्या, बिनइंजिनाच्या वाहनाने मला ठोकलं होतं. त्या वाहनाच्या पाठीवर नंबर नव्हता. 'आई-वडिलांची कृपा' होती, लिंबू-मिरची होती आणि एक काळी बाहुली होती. कृपा आई-वडिलांची, राखण लिंबू-मिरचीची, आणि बाहुली वाईट नजरेला. सर्वसमावेशक विमा म्हणतात तो हाच. आमच्या जिल्ह्यात याचं कोणाला नवल वाटायला नको. इथून तासाभराच्या अंतरावर शनिशिंगणापूर आहे, जिथे घरांना दारं लावत नाहीत आणि जिथे २०११ साली एका बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली. तिजोरी देवाच्या भरवशावर चालते, तर ट्रॉली का चालू नये?

एवढ्यात ॲपवाल्या तरुणाने, काही वाईट हेतू नसताना, माझाही नंबर टाकला. विमा: चालू. माझी छाती फुगली. खाली आणखी एक ओळ होती. पीयूसी: मुदत संपली, दोन महिन्यांपूर्वी.

"गुरुजी, तुमचं बी कागद नाय की!" मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, बंधुभाव होता. गर्दीचा सूर त्या क्षणी बदलला. पाच मिनिटांपूर्वी मी पीडित होतो, आता आम्ही दोघे सहआरोपी. आणि गंमत पुढेच आहे. विमा नसलेली गाडी चालवली तर कायद्यात पहिल्या वेळी दंड २ हजार रुपये, पुन्हा सापडला तर ४ हजार. तुरुंगाची तरतूद आहे, पण तिची आठवण सहसा कोणी काढत नाही. आणि प्रदूषणाचा नियम मोडला तर दंड १० हजारांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे कायद्याचं पुस्तक उघडून बसलं तर त्या चढावरचा मोठा गुन्हेगार मी होतो. ट्रॅक्टर तेव्हा काळ्या धुराचा लोट सोडत उभा होता, हा मुद्दा मी मांडला नाही.

त्या २ हजारांचा हिशोबही जरा करून बघा. माझ्या गाडीसारख्या, हजार ते पंधराशे सीसीच्या, खासगी गाडीला सक्तीच्या विम्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा वर्षाचा हप्ता ३,४१६ रुपये, वर जीएसटी. न काढल्याचा दंड २ हजार, तोही पकडलं तर. आमच्या शाळेत फी चारशे आणि गैरहजेरीचा दंड दोनशे असता, तर वर्गात फक्त मी आणि फळा राहिलो असतो. सरकारला हे कळत नाही असं नाही. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा आणि दुचाकी घेताना पाच वर्षांचा असा विमा एकदमच काढून घेतात, तो सर्वोच्च न्यायालयाने बडगा उगारल्यामुळे. ट्रॅक्टरला तो नियम लागू नाही. ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, आणि शेतकऱ्याच्या वाटेला कोण जाईल?

मेहुण्याच्या आग्रहाखातर आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी चहा मागवला आणि फार मूलभूत प्रश्न विचारला: "अर्ज द्यायचा का फिर्याद?"

"फरक काय?"

"अर्ज दिला तर आम्ही त्याला बोलावू. फिर्याद दिली तर कोर्ट तुम्हाला बोलावील."

शिवाय ते म्हणाले, फिर्याद दिलीत तर ट्रॅक्टर इथे लावून घ्यावा लागेल, पंचनामा होईल. ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस. दोन दिवस उन्हात उभा राहिला की वाळणार, वजन घटणार, उतारा घटणार. तोडणीवाले पाथर्डीकडचे, त्यांचा खाडा पडणार. मालक कोपऱ्यात मान खाली घालून उभे होते. तो ऊस माझ्यामुळे वाळतो आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. ज्याच्या काचेतून बारा कांड्या आत आल्या त्यालाच अपराधी वाटायला लावणं, हे कौशल्य आपल्या व्यवस्थेत ठासून भरलं आहे. मी अर्ज दिला.

अर्जात मी लिहिलं, 'ट्रॅक्टर आमच्या पुढे होता व मागे येत होता.' हवालदारांनी वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही मागून..."

रात्री न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. त्याला आईकडून कळलं होतं. "मामा, पण तुमच्याकडे अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर नाही का?" हे काय असतं ते त्याने समजावलं. समोरच्याकडे विमा नसला तर आपल्या नुकसानीसाठी आपणच आधी काढून ठेवायचा विमा. म्हणजे दुसऱ्याच्या 'असेल'चा हप्ता आपण भरायचा. मी म्हटलं, अमेरिकेतही असे लोक आहेत? तो म्हणाला, "भरपूर. आणि न्यू हॅम्पशायर नावाच्या राज्यात तर गाडीचा विमा सक्तीचाच नाही." मला एकदम बरं वाटलं. राहुरी तालुका एकटा नाही. इंग्लंडमध्ये म्हणे १९४६ पासून सगळ्या विमा कंपन्यांनी मिळून एक संस्था काढली आहे, विमा नसलेल्याने किंवा पळून गेलेल्याने ठोकलं तर भरपाई तीच देते. आपल्याकडे ठोकून पळालेल्या वाहनाने माणूस दगावला तर २ लाख आणि गंभीर जखमी झाला तर ५० हजार, अशी योजना आहे. बॉनेटसाठी काही नाही. आणि आमचा तर पळालाही नव्हता. पळाला फक्त दूधवाला.

वकिलीत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, नुकसानीचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लावता येतो. लावू का?" किती दिवस लागतील? त्याने माझ्या वयाकडे पाहिलं. पाचवीत गणितात नापास व्हायचा, पण हा हिशोब त्याने मनात झटकन केला. "सर, तुम्ही स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम घ्या."

घेतला. मुंबईतल्या कुठल्याशा टेबलावरून मुलीने विचारलं, "सर, जिल्हा?" मी म्हटलं, अहिल्यानगर. तिच्या यादीत अहमदनगर होतं. मी म्हटलं, तेच. ती म्हणाली, "दोन वेगळे आहेत का सर?" मी म्हटलं, नाही हो, गेल्या ऑक्टोबरपासून नाव बदललंय. तिने विचारलं, "अपघात कोणत्या जिल्ह्यात झाला, जुन्या का नव्या?" मी नंबर सांगितला, एमएच १६. नंबराच्या पाटीला नाव बदलल्याचं अजून कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.

सर्व्हेअर आला. शांत तरुण. त्याने सगळीकडून फोटो काढले, डॅशबोर्डवर उरलेली उसाची चिपाडं बघून "हे काय?" विचारलं आणि सांगितल्यावर त्याचाही फोटो काढला. मग त्याने मला घसारा शिकवला. गाडी सात वर्षांची. म्हणून पत्र्याच्या भागावर ४० टक्के कापणार. प्लास्टिक आणि रबरावर वय न बघता निम्मे. काचेवर मात्र काही कापत नाहीत. काच जन्मभर नवीच राहते, असं विम्याचं तत्त्वज्ञान आहे. बंपर प्लास्टिकचा. शिवाय सुरुवातीचे हजार रुपये माझेच. आणि पाच वर्षं एकही दावा न केल्याबद्दल माझ्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर जी ५० टक्के सूट मिळत होती, ती गेली. पाच वर्षं मी ती सूट लेकीच्या लग्नासारखी जपली होती. गल्लीतल्या एकाने बंपर घासला तेव्हा बोललो नव्हतो, माकडाने आरसा तोडला तेव्हाही नव्हतो.

गॅरेजचं बिल झालं ४१,६०० रुपये. कंपनीने दिले २६,३००. उरलेले १५,३०० माझ्या खिशातून. चूक कोणाची, हा प्रश्न या संपूर्ण हिशोबात कुठेच आला नाही.

या दरम्यान मालकांशी माझा संपर्क चालूच होता. कागद घरी होता, फक्त सापडत नव्हता. पंधरा दिवसांनी एका रात्री त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. 'गुरुजी, घावला. पॉलिसी.' चार घड्या पडलेला, एका कोपऱ्यावर चहाचा डाग असलेला कागद. मी चष्मा लावून मोठा करून पाहिला. पॉलिसी खरी होती. शिक्का होता, तारीख होती, मुदतही चालू होती. विमाधारक: गाय. संकरित, होलस्टीन, काळी-पांढरी, कानातला बिल्ला क्रमांक अमुक अमुक. म्हणजे त्या घरात विमा काढत नाहीत असं नव्हतं. गाईचा विमा बिनचूक होता, हप्ता वेळेवर भरलेला होता, कानात बिल्लाही होता. तसा बिल्ला ट्रॉलीच्या मागे असता तर माझं निम्मं काम झालं असतं.

मी फोन केला. "मालक, ही गाय आहे."

थोडी शांतता. मग ते मोकळं हसले आणि तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं. "गुरुजी, खरं सांगू का? विमा आसंल का नाय, मलाच ठाव नाय. पण तुमचं नुसकान झालंय, ते मला ठाव हाय. पाच हजार देतो. ऊस बिल आलं की."

इथे वाचक म्हणतील, संपलं. सुरू झालं. कारण ऊस बिल कधी येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला १९५० साली सुरू झाला, आणि मला वाटतं तेव्हापासून इथली सगळी देणी एकाच तारखेला ठरतात: बिल आल्यावर. मुलीचं लग्न, बोअरचं पाणी, दुकानदाराची उधारी, आणि आता माझा बंपर.

मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर. अभ्यासाला लागलो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे टनाला ३,४००. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा. ज्या वाहतुकीने माझी काच फोडली, तिचा खर्चही त्यातूनच वजा होतो, हे कळल्यावर मला गहिवरून आलं. सकाळी पेपर आला की मी आता अग्रलेख वाचत नाही, पहिली उचल किती जाहीर झाली ते वाचतो. साखरेचे भाव चढले की मला बरं वाटतं. मागच्या आठवड्यात ऊसदराच्या आंदोलनाची बातमी वाचून मी चक्क "बरोबर आहे त्यांचं" असं मोठ्याने म्हणालो. सौ.ने स्वयंपाकघरातून विचारलं, "तुमची कुठे आहे जमीन?" मी म्हटलं, पाच हजारांची आहे.

मेहुण्याने व्याजाचा हिशोबही मांडून दिला. पहिले १४ दिवस सोडून पुढच्या ६१ दिवसांचं ५ हजारांवर १५ टक्क्यांनी व्याज होतं १२५ रुपये. हे मालकांनी मला द्यायचे की कारखान्याने मालकांना द्यायचे आणि मालकांनी मला, यावर आमच्यात एकमत झालेलं नाही. पीयूसी मी दुसऱ्याच दिवशी काढून आणली. त्यांनी ट्रॅक्टरचा विमा काढला का, हे मी विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे.

आज २८ मार्च. ऊस गाळला जाऊन पंच्याहत्तर दिवस झाले. सकाळी साडेसातला मालकांचा फोन आला. मला वाटलं, आलं बिल. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पेपरात आलंय का काय बिलाचं?"

मी पेपर पुन्हा एकदा पहिल्या पानापासून बघितला. काही आलेलं नव्हतं.